अंगणातले आगंतुक

दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला तेल-उटण्याच्या जोडीने आघाड्याची एक फांदी हवीच, असा आमच्या सासूबाईंचा हट्ट असे. अभ्यंगाच्या वेळी ती डोक्यावरून फिरवावयाची. ती आणण्यासाठी दरवर्षी कोणाला तरी गावाबाहेरच्या बांधावर पिटाळावे लागे. यंदा ती खटपट नाही. आमच्याच कुंपणाशी आघाडा उगवला आहे, आणि तो आम्ही मुद्दाम राखला आहे. यात सांगण्यासारखे काय, असे कोणी म्हणेल. पण ज्या बागेत पाच वर्षांमागे दिसेल ते अनोळखी हिरवे उपटण्याचा सपाटा चालला होता, त्या बागेत आज एक तण जाणूनबुजून राखले जाते. मधल्या काळात आम्ही पुष्कळ शिकलो, आणि शिकण्याची फीही भरपूर मोजली. ती हकीगत या दिवाळीला सांगावयाची आहे.

निमित्त वाचकांच्याच पत्रांचे. गेल्या वर्षी या सदरात हिरवळीविषयी लिहिले तेव्हापासून पत्रांतली तक्रार एकच : "हिरवळ लावली, पण हिरवळीपेक्षा दुसरेच हिरवे जास्त आले. काय करावे?" वाचकहो, हा प्रश्न मला स्वतःला इतका जवळचा आहे की, पत्र वाचताना ते मीच लिहिले की काय असे वाटावे.

आमचे गाव धाराशिव. २०२३ सालापर्यंत सरकारदरबारी ते उस्मानाबाद होते. आता गावाचे आणि जिल्ह्याचे नाव बदलले. शेळी मात्र अजून उस्मानाबादीच राहिली आहे, आणि तिची गोष्ट पुढे येणारच आहे. बालाघाटच्या डोंगररांगेवरचा हा मुलूख, पाऊस मोजका आणि तोही लहरी. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसे अजून आमच्या गल्लीत आहेत. आठवड्याने जरी नळ आला तरी आम्हाला सण वाटतो. अशा गावात हिरवळ लावावयाची म्हणजे हौसच म्हणायची. ती हौस आमच्याकडच्यांना निवृत्तीनंतर झाली. पस्तीस वर्षे शाळेत मुले वळवली, आता झाडे वळवीन म्हणाले.

घराभोवती सगळा मुरूम. म्हणून शेतातली काळी माती आणवली एक ट्रॉली, वर शेणखत अर्धी ट्रॉली, आणि रोपवाटिकेतून गालिच्यासारख्या गवताचे तुकडे. मृगाच्या पहिल्या पावसाने ते अंगण असे काही नटले की, येणारा-जाणारा फाटकाशी थबके. दुसऱ्या पावसाने नटणे वाढले. तिसऱ्या पावसानंतर आमचे गवत कोणते आणि पाहुणे कोणते, हे ओळखेनासे झाले. लव्हाळा, हरळी, केना, घोळ, दुधी, सराटा, गाजर गवत, सगळे गोत गोळा झाले होते. आम्ही म्हणालो, पावसाने आणले. खरी गोष्ट अशी की, आम्हीच ते ट्रॉलीचे भाडे मोजून आणले होते!

तणाविरुद्धचा पहिला धडा हाच. बहुतेक तण आपण घरी बोलावून आणतो. शेतातल्या मातीत लव्हाळ्याच्या गाठी असतात आणि हरळीची मुळे असतात. कच्च्या शेणखतात जनावराच्या पोटातून जिवंत उतरलेले बी असते. रोपवाटिकेच्या कुंडीत गुलाबाच्या बुडाशी दोन बारीक पाने डोकावत असतात, ती आपण कौतुकाने घरी घेऊन येतो. म्हणून माती घेण्याआधी ती कोणत्या रानातली हे जाऊन पाहावे. लव्हाळ्याचे रान असेल तर ती फुकटही घेऊ नये. शेणखत पुरते कुजलेले घ्यावे. खत नीट कुजताना ढीग आतून इतका तापतो की हात घातला तर चटका बसावा, आणि त्या उष्णतेत बहुतेक बी मरते. नव्या कुंडीतली वरची इंचभर माती काढून टाकावी. इतके केले तरी पुढची निम्मी खुरपणी वाचते.

आम्ही यांपैकी काहीच केले नव्हते. तेव्हा कुदळ आली. ह्यांनी लव्हाळा खणावयास घेतला. चार दिवस खणून अंगण साफ केले आणि तिन्हीसांजेला मोठ्या समाधानाने चहा घेतला. आठव्या दिवशी एकाच्या जागी पाच पाती वर आल्या.

याचे कारण आम्हाला खुरपणीला येणाऱ्या मावशींनी सांगितले. उमरग्याकडच्या एका खेड्यातल्या त्या. उभा जन्म लोकांच्या रानात खुरपे चालवण्यात गेलेला. त्यांनी खुरप्याच्या टोकाने माती हळूच सैल केली आणि धाग्याला बांधल्यासारख्या काळ्या गाठी वर काढल्या. म्हणाल्या, "बाई, ह्येचं मूळ म्हंजी माळ असती, माळ. एक मणी जरी मातीत ऱ्हायला, तरी पुन्ना सगळी माळ व्हती. गुरुजींनी कुदळीनं माळ तोडली, आन् मणी रानभर पेरलं."

अमेरिकन तणशास्त्रज्ञ लेरॉय होम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली जगातल्या सर्वांत उपद्रवी तणांची यादी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. तिच्यात पहिला मान लव्हाळ्याचा आणि दुसरा हरळीचा. म्हणजे जगातले पहिले दोन पहिलवान आमच्या एका अंगणात उतरले होते! गंमत अशी की, उटण्यात पडणारा नागरमोथा या लव्हाळ्याच्याच कुळातला, आणि हरळी म्हणजे तर गणपतीच्या दूर्वा. पत्रीची टोपली पाहा : दूर्वा, आघाडा, माका, धोत्रा, डोरली. ज्यांना आपण अंगणातून हाकलतो, त्यांनाच पूजेच्या ताटात मानाने बसवतो. जागा चुकली की तण, जागा साधली की पत्री.

आता शेळीची गोष्ट. कोणीतरी सुचवले, "उस्मानाबादी शेळी दोन दिवस बांधा, गवताचे नाव राहणार नाही." शेजारपाजारातून एक काळी, लांब कानांची शेळी मोठ्या आदराने आणली. तिने प्रथम गुलाब खाल्ले, मग जास्वंद, मग कुंडीतली तुळस. लव्हाळ्याकडे तिने ढुंकून पाहिले नाही, आणि गाजर गवताला नुसते हुंगून मान फिरवली. ते कडू असते, जनावर सहसा त्याला तोंड लावत नाही. सगळ्या रानात तेच का माजते, याचे एक कारण हेही आहे.

येथपर्यंत सगळे हसण्यावारी नेण्यासारखे होते. पुढचे दोन प्रसंग तसे नव्हते.

पहिला प्रसंग औषधाचा. कंटाळून ह्यांनी बाजारातून एक तणनाशक आणले. रुंद पानांचे तण मारते आणि गवताला धक्का लावत नाही, अशा जातीचे ते होते. या प्रकारचे जुने आणि प्रसिद्ध औषध म्हणजे २,४-डी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते शोधले गेले आणि युद्ध संपता संपता बाजारात आले. औषध आपल्या कामात चोख असते, पण त्याला कुंपण समजत नाही. आषाढातला वारा, मागून आणलेला पंप, आणि भिंतीपलीकडे शेजारच्या आप्पांचा द्राक्षाचा मांडव. आठवडाभरात त्या वेलाची कोवळी पाने पंख्यासारखी चुण्या पडून आकसली. तो वेल आप्पांनी नातीसाठी लावला होता. द्राक्ष, टोमॅटो, कापूस यांना या औषधाचा नुसता उडता तुषारही बाधतो, हे आम्हाला मागाहून कळले. आप्पा भांडले नाहीत. त्यांनी बोलणेच सोडले. भांडण मिटवता येते, अबोल्याला काय करावे?

म्हणून घरगुती बागेपुरते माझे मत स्पष्ट आहे. चार गुंठ्यांच्या आतल्या जागेत तणनाशकाचा मोह धरू नये. तेथे खुरपे पुरते. ग्लायफोसेट हे सर्रास वापरले जाणारे औषध. पण त्याच्याही वापरावर केंद्र सरकारने २०२२ साली निर्बंध घातले, आणि ते फक्त कीडनियंत्रणाचे काम करणाऱ्या जाणकारांमार्फतच मारावे असे ठरवले. शिवाय तणनाशकाचा पंप कितीही धुतला तरी त्याने पुन्हा गुलाबावर काही फवारू नये. तळाशी राहिलेला घोटभर अंशही घात करतो.

दुसरा प्रसंग याहून कठीण. औषध गेले, तेव्हा ह्यांनी हातांनी उपटणे सुरू केले. गाजर गवत उघड्या हातांनी, उघड्या मानेने, सकाळ-संध्याकाळ. पहिल्या वर्षी काही झाले नाही. दुसऱ्या वर्षी पापण्या सुजल्या, मानेवर आणि कोपरांच्या वळणांवर खाज उठली, रात्ररात्र झोप नाही. डॉक्टरांनी पाहताक्षणी विचारले, "गाजर गवतात काम करता?" मग समजावून सांगितले की, हा त्रास पहिल्या स्पर्शात होतोच असे नाही. वारंवार संबंध येऊन शरीर त्याच्यावर उठते, आणि एकदा उठले की त्याचा वाऱ्यावरचा कणही पुरतो. कित्येकांना दमाही होतो. सल्ला मिळाला, "बागेत जाणे बंद." निवृत्त माणसाची शाळा आधीच सुटलेली, आता बागही सुटली. दारात खुर्ची टाकून ते अंगणाकडे पाहत बसत. ते पाहणे मला पाहवत नसे.

हे गाजर गवत आपल्याकडचे नव्हे. त्याचे मूळ अमेरिका खंडातले, मेक्सिको आणि आसपासच्या उष्ण मुलखातले. पुण्यात ते १९५५ च्या सुमारास नजरेस आले, आणि १९५६ साली भारतातली नवी वनस्पती म्हणून त्याची शास्त्रीय नोंद छापली गेली. पी. एल. ४८० च्या गव्हाबरोबर ते आले असे सर्रास सांगितले जाते. पण त्या कायद्याखालचा भारताचा पहिला करार ऑगस्ट १९५६ चा, म्हणजे गवत त्याआधीच पुण्यात हजर होते. अमेरिकेचा गहू १९५१ मध्येही कर्जाऊ आला होता. तेव्हा गव्हाबरोबर आले असलेच तर ते आधीच्या खेपेतूनही आले असेल. काँग्रेस गवत, चटक चांदणी अशी नावे घेत ते देशभर पसरले. एकेका झाडाला हजारो बिया येतात. बी इतके हलके की वारा, पाणी, गाडीची चाके, कशानेही जाते. आणि उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलावर येते.

त्याच्यावर इलाज म्हणून १९८३ साली मेक्सिकोतून एक भुंगेरा भारतात आणला गेला आणि पुढच्या वर्षी बंगलोरच्या परिसरात सोडला गेला. पांढुरक्या पाठीवर काळपट रेघा असलेला हा कीटक या गवताची पाने खाऊन झाड खराट्यासारखे करतो. मध्यंतरी तो सूर्यफुलावर दिसल्याने मोठी घबराट झाली. आमच्या भागात तर सूर्यफुलाची शेती, म्हणून काळजी अधिक. तज्ज्ञांनी तपासणी केली आणि सूर्यफुलाला त्याच्यापासून म्हणण्यासारखा धोका नाही असे ठरले. मात्र तो पावसाळ्यातच काम करतो, हिवाळा-उन्हाळा जमिनीत झोपून काढतो. म्हणून केवळ त्याच्यावर विसंबून चालत नाही.

आता मावशींची शाळा. त्यांच्या मते तण दोन जातींचे. एक बियांवर जगणारे, दुसरे मुळांवर जगणारे. गाजर गवत, सराटा, केना, माठ हे पहिल्या जातीचे. लव्हाळा, हरळी, कुंदा हे दुसऱ्या. पहिल्याला फुलू द्यायचे नाही, दुसऱ्याला पान धरू द्यायचे नाही. सगळी विद्या या एका वाक्यात आहे.

गाजर गवत फुलण्यापूर्वी, पाऊस पडून माती ओली असताना, मुळासकट उपटावे. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि तोंडाला फडके असल्याशिवाय त्याला शिवू नये, आणि ज्यांना दमा वा खाज आहे त्यांनी तर जवळही जाऊ नये. फूल आलेले नसेल तर ते खताच्या खड्ड्यात चालते. मिठाचे दाट पाणी मारले तर ते मरते हे खरे, पण मीठ मातीत राहते, म्हणून बागेत तो प्रयोग करू नये. सराट्याला काटे धरण्यापूर्वी काढावे. एकदा काटे सांडले की पोरांचे पाय आणि सायकलची चाके वर्षानुवर्षे त्याचा हिशेब देत बसतात. मेंदीच्या कुंपणावर अमरवेल दिसली तर नुसते धागे ओढू नयेत, धाग्यांसह ती फांदीच छाटावी.

लव्हाळ्याला मात्र धीर लागतो. पंधरा दिवसांनी, न चुकता, पात वर आली की काढावी. प्रत्येक नव्या पातीसाठी गाठ आपली पुंजी खर्च करते, आणि पान उन्हात टिकले नाही तर ती पुंजी भरून येत नाही. वैशाखात वाफा खोल खणून गाठी वेचाव्यात, आणि उरलेली माती कडक उन्हात पसरावी. गाठ पुरती वाळली की मरते. त्यावर काळे प्लॅस्टिक अंथरून निश्चिंत होऊ नये, लव्हाळ्याचे टोक प्लॅस्टिकही भोसकून वर येते. त्याला खरी भीती सावलीची. दाट पानांची झाडे जवळजवळ लावली की तो आपसूक खंगतो.

बियांच्या तणासाठी आमच्या शेतकऱ्यांची एक जुनी युक्ती अंगणातही चालते. रब्बीच्या ज्वारीचे रान ते पावसाळाभर मोकळे ठेवतात आणि तण उगवले की कुळवाची पाळी घालतात. आपण वाफा तयार करून पाणी द्यावे, आठ-दहा दिवस थांबावे, उगवलेले कोवळे तण खुरप्याने वरच्या वर खरडावे, आणि मगच बी पेरावे. खोल उकरू नये. बारीक बियांपैकी पुष्कळांना उगवायला उजेड लागतो. खणले की आपण त्यांनाच वर आणतो. उन्हाळ्यात ओल्या वाफ्यावर पातळ पारदर्शक प्लॅस्टिक घट्ट ताणून महिना-दीड महिना ठेवले, तर वरच्या थरातले बरेच बी उन्हाने शिजून जाते.

आणि जमीन उघडी ठेवू नये. ही गोष्ट मी सर्वांत महत्त्वाची मानते. उघडी माती म्हणजे तणाला पाठवलेले आमंत्रण. आमच्याकडे उसाचे पाचट आणि सोयाबीनचे काड मुबलक मिळते. झाडांच्या बुडांभोवती त्याचा तीन-चार इंचांचा थर द्यावा, खोडापासून चार बोटे दूर, म्हणजे वाळवी चढणार नाही. तण दबते आणि पाणीही वाचते. पाणी झारीने वा ठिबकने फक्त मुळाशी द्यावे. सगळे अंगण भिजवले की निम्मे पाणी तणच पिते, आणि आमच्या गावात असे पाणी पाजणे म्हणजे पाप आहे.

हिरवळीविषयी थोडेसे. ती न्हाव्याच्या मशिनीसारखी बुडापासून कापू नये. दीड-दोन इंच राखावी, एका वेळी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक कापू नये. दाट गवताच्या सावलीत तणाचे बी उगवत नाही. टक्कल पडले तर लगेच लावून भरावे. आम्ही ते महागडे गालिचा-गवत सोडून दिले आणि चक्क हरळीच राखली. जिला दोन वर्षे शत्रू म्हणून खणले, तीच आता आमची हिरवळ आहे. कमी पाण्यात तगते, दुष्काळात करपते आणि सरीबरोबर पुन्हा हिरवी होते. फुलांच्या वाफ्यांत शिरू नये म्हणून भोवती उभ्या विटांची कड घातली आहे, आणि तरी आत आलीच तर दूर्वांची जुडी होते.

उपटलेले सगळे टाकायचे नसते, हेही मावशींनीच शिकवले. कोवळी घोळ, तांदुळजा, कुर्डू यांच्या भाज्या होतात, केन्याच्या पानांची भजी होतात. त्या दिवसांत खुरपणी म्हणजेच बाजारहाट. अर्थात जेथे औषध मारले असेल तेथले काही खाऊ नये, आणि ओळख पटल्याशिवाय कोणतीच पाने कढईत टाकू नयेत.

एवढे करूनही गाजर गवत येतच राहिले. मावशी एक दिवस भिंतीपलीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तुमच्या अंगणात किती बी उपटा बाई, त्या मोकळ्या जाग्यातनं वारं येतंयच की." आमच्या आणि आप्पांच्या घरामागे एक रिकामा प्लॉट आहे. तेथे पुरुषभर गाजर गवत माजले होते. ते एकट्याने काढण्यासारखे नव्हते, आणि तेथे यायला आप्पांशिवाय दुसरे कोण होते?

त्या दिवाळीला फराळाचे ताट घेऊन मी एकटीच आप्पांकडे गेले. माफी मागितली, द्राक्षाच्या वेलाची चौकशी केली. वेल पुढच्याच छाटणीला सावरला होता. बोलणे सावरायला मात्र दोन वर्षे लागली होती. आप्पांनी करंजी उचलली, ह्यांच्या डोळ्यांविषयी विचारले आणि म्हणाले, "गुरुजींना घरातच बसवा. आषाढात तो प्लॉट आम्ही बघतो."

आषाढात गल्लीतली दहा-बारा माणसे हातमोजे घालून उतरली. दोन रविवार लागले. मावशींनी कोठे वाकायचे, कसे ओढायचे ते शिकवले. त्या दिवसांची मजुरी त्यांना गल्लीने वर्गणी काढून दिली, आणि ती त्यांच्या हक्काचीच होती. मोकळ्या झालेल्या जागेत टाकळ्याचे बी फेकले. टाकळा दाट माजून गाजर गवताला डोके वर काढू देत नाही, आणि त्याच्या कोवळ्या पानांची भाजी होते. गवत पुरते गेले असे मी म्हणणार नाही. पण यंदा ते निम्म्याहून कमी आहे, आणि पुढच्या आषाढाची तारीखही ठरली आहे.

ह्यांच्या पापण्या आता उतरल्या आहेत. सकाळी वाऱ्याआधी, पूर्ण बाह्यांचा सदरा घालून, अर्धा तास बागेत जाण्याची परवानगी मिळाली आहे. गाजर गवताला शिवायचे नाही ही अट. परवा ते कुंपणाशी वाकून काहीतरी पाहत होते. मी घाबरून हाक मारली, तर म्हणाले, "अगं, आघाडा आहे. राहू दे. दिवाळीला लागेल."

एक फांदी आम्हाला पुरते. दुसरी आप्पांकडे द्यायची ठरली आहे.